पाचवा सड

सोळा पानं, मधे दोन पिना,
आत एक म्हैस. नाव सुंद्री.
तिचं एक पायताण रंकाळ्यात पडतं,
एवढीच गोष्ट.
बाकी सगळी शोधाशोध:
चप्पल लाइनीत दुकानामागून दुकान,
मागचा उजवा पाय वर धरून सुंद्री उभी,
आणि दुकानदार डोकं खाजवत म्हणतो,
'बाई, सुटं एक मिळत न्हाई, जोडी घ्या.
आणि हा उजवा म्हंजे पुढचा उजवा की मागचा?'

हे काढत मी तीन महिने बसले
राजारामपुरीत, आठव्या गल्लीत, गॅलरीतल्या टेबलाशी.
एक कप चहाचा, एक ब्रश बुडवायचा.
(अकराव्या पानावर आभाळ जरा तपकिरी आहे,
ते त्यामुळेच.
निळा चहा मी दोनदा प्यायले,
त्याचा पुस्तकात पुरावा नाही.)

शाहूपुरीत छापखान्यात दस्तगीर मुल्लाणींनी
भिंग लावून पहिला कागद पाहिला.
'ताई, निळा केसभर सरकलाय. म्हैस जांभळी आली.'
म्हटलं, राहू दे,
दिवेलागणीला पाण्यातून वर येते तेव्हा
अशीच तर दिसते.
पुण्याच्या संपादकबाईंनी ऱ्हस्वदीर्घ तपासले,
'चिखल'मधला चि पहिलाच ना, म्हणून दोनदा फोन केला.
अक्षर न् अक्षर सगळ्यांनी मोजलं.

मग गंगावेशीतली बालवाडी.
तेवीस पोरं सतरंजीवर, एक सतरंजीखाली.
तिसऱ्या पानावरच बोट आलं:
राजनंदिनी बोडके, वय साडेपाच, पुढचे दोन दात रजेवर,
घरच्या म्हशी रोज संध्याकाळी कट्ट्यावर धारेला उभ्या.
'एक, दोन, तीन, च्यार...
ओ मॅडम.
हिला पाच हायती.'

वर्ग गप्प.
मग तेवीस बोटं एकदम पानावर.
एकानं शेपूट धरून सहा मोजले.

माझे कान तापले.
चित्रकलेच्या शाळेत पाच वर्षं
शरीररचना घोटून घेतली होती, पण माणसाची.
म्हशीच्या पोटाखाली मी
हाताला आलं तेवढं काढत गेले,
जागा उरली, आणखी एक काढला.

'पाचवा ताकाचा आसंल,' सतरंजीखालून कुणीतरी.
'न्हाई, च्याचा. डायरेक्ट साखर घालून.'
'रंगपंचमीचा! म्हणून तर ती जांभळी!'
सगळे लोळायला लागले,
बाई पट्टी आपटत स्वतःच हसत होत्या.
राजनंदिनी हसली नाही.
धंद्यातली बाई ती.
'आसली म्हस कोण घेत न्हाई,' म्हणाली,
आणि पुढे सरकून
त्या पाचव्यावर अंगठा ठेवला.
'आता वाचा.'

मी वाचलं.
पान उलटलं की अंगठा उचलायचा,
नव्या पानावर शोधायचा, दाबायचा,
मग माझ्याकडे मान हलवायची: चला.
दुकानांत, रिक्षात,
केळेवाल्याच्या गाड्यामागे,
सगळीकडे ती सुंद्रीची अब्रू राखत आली.
अंगठ्याला दुधाचा वास होता,
नखात थोडी पेंड.

शेवटच्या पानावर पायताण सापडतं.
रंकाळ्याच्या काठाला,
त्यात एक बेडूक झोपलेला, पोटावर पांघरूण,
आणि सुंद्री तीन पायांवर अवघडून कुजबुजते,
'झोपू दे. उद्या येते.'

तेव्हा राजनंदिनी फुटली.
दोन दातांच्या फटीतून शिट्टीसारखं हसू आलं,
दोन्ही हात तोंडावर गेले,
आणि पानावर पाचवा सड
उघडा, जांभळा, सगळ्यांसमोर.
कुणीच मोजला नाही.

मुल्लाणी परवा विचारत होते,
दुसरी आवृत्ती काढताना दुरुस्ती करायची का.
अजून कळवलं नाही.
तो शेपूटवाला मात्र
सहावरच अडून आहे.