सहा नंबरची खुर्ची

दर गुरुवारी एल्कोमध्ये, हायवेलगतच्या कॅसिनोत, मागच्या खोलीत
चाळीस डॉलरची टूर्नामेंट असते.
मी पत्ते वाटते. अकरा वर्षं झाली.
माणसं मी बोटांवरून ओळखते.

पेयो अराम्बीदेची बोटं जाडजूड,
एक नख काळं, लोकरीच्या कात्रीनं कधीतरी खाल्लेलं.
रुबीच्या डोंगरात तो मेंढ्या राखायचा,
मग शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करू लागला,
आता चौऱ्याहत्तरीत गुरुवारचा
सहा नंबरच्या खुर्चीत.

बिग ब्लाइंड त्याच्यापुढे आला की
मला कधी आठवण करावी लागली नाही.
इतर कुरकुरतात, दंड भरल्यासारखे.
हा मात्र पानात आधी मीठ वाढावं
तसा अलगद ठेवायचा चिप्स,
पान पडायच्या आत.

आणि कुणी वाढवलं, तर सहजी सोडायचा नाही.
"अर्धे गेलेच आहेत," म्हणायचा,
"उरलेल्या अर्ध्यात बघून तर येऊ."
सत्ती-दुर्री घेऊनसुद्धा बघायला जायचा.
बहुतेकदा हात हलवत परत.

सोन्याच्या खाणीतली पोरं हसायची.
पाच नंबरवरचा ब्रॅक्स्टन तर शिकवायचाच त्याला:
"टाकले ते पैसे तुझे राहिले नाहीत, म्हाताऱ्या."
"माझे नाहीत? मग ठेवले कुणी?"

आज साडेआठला त्याचा फोन वाजला.
ग्राशियान चार दिवस दवाखान्यात आहे, हे सगळ्यांना माहीत होतं.
तो ऐकत राहिला.
"बाय," म्हणाला. थांबून पुन्हा, "बाय."
त्याच्या बास्क भाषेत बाय म्हणजे हो.
टोपी घेतली. चष्मा विसरला,
चिप्सच्या ढिगावर, काड्या उघड्याच.

नियम असा आहे:
रिकाम्या खुर्चीलाही पानं वाटायची,
वाटून लगेच उचलायची, न बघता.
तिची पाळी आली की ब्लाइंड
डीलरनं आपल्या हातानं काढायचा.

सहा हजार तीनशे होते.
मी सहाशे काढले, मग तीनशे.
घड्याळानं ब्लाइंड वाढवले; पुढच्या फेरीत
आठशे काढले, मग चारशे.
दुसऱ्याच्या घरातून एकेक भांडं बाहेर आणावं
तसं वाटत होतं, आणि टेबलावर
कुणीच माझ्या हाताकडे बघत नव्हतं.
बेचाळीसशे उरले.

तिसऱ्या वेळी हजार.
हे हजार म्हणजे रस्त्यावर पडलेलं पाकीट,
राखायला कुणी नाही, कोणीही उचलावं,
कुठल्याही दोन पानांवर.
सातनं पानं टाकली.
आठनं टाकली, नऊनं टाकली.
एक नंबरची मार्वा ट्रेगास्किस, जी आईलाही सोडणार नाही,
तिनं टाकली.
दोन. तीन. चार.

राहिला ब्रॅक्स्टन, त्याचे पाचशे आधीच आत.
त्यानं पानांचे कोपरे उचलले.
बराच वेळ उचलून धरले.
मग चष्म्याकडे बघितलं
आणि पानं माझ्याकडे सरकवली.

एकानं दुसऱ्याला सांभाळून घेणं हा इथे गुन्हा आहे.
मी मॅनेजरला हाक मारायला हवी होती.
मी ती पानं उलटूनही बघितली नाहीत,
आणि ते मात्र नियमातच बसतं.

दीड हजार मी रिकाम्या खुर्चीपुढे सरकवले,
चष्मा जरा बाजूला करून.
पेयो नसताना जिंकला.
पुढच्या डावाला त्याचे पाचशे काढले
आणि मोजले: बेचाळीसशे.
एक अख्खी फेरी त्याला
काहीच पडली नाही.

भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं दाखवत होतं,
मग सहाशे आणि बाराशे.
तेवढ्यात दार उघडलं, बर्फाची गार झुळूक आत आली,
आठ माना एकदम वळल्या.
पिझ्झा घेऊन आलेला पोरगा होता.

मी पत्ते पिसले.
नऊ जणांना वाटले.