एकच न्यायची

लोपाका म्हणाला, आत्या, विमानात एकच न्यायची.
तो बॅगा मोजतोय, मी गिटारी.
व्हेगासला त्याच्या घरी माझ्यासाठी खोली काढली आहे,
खिडकीतून म्हणे डोंगर दिसतो,
झाड मात्र एकही नाही.
हिलोतलं सामान आवरून झालं. तिघी तेवढ्या राहिल्या,
पलंगावर, ओळीने निजलेल्या.

पहिली कोआ लाकडाची.
पोकळ मान, मधाचा रंग, कडेने दोरीची नक्षी.
वॉल्टरच्या आजोबांनी कोनाच्या सुताराला गाभण गाय देऊन घेतलेली.
तार छेडली की आवाज आधी आत जाऊन येतो,
माजघरातून कुणी उशिरा ओ द्यावी तसा.
इशिमोतो म्हणतो, हीच ने.
चाळीस वर्षं हिच्या भेगा बुजवल्यात त्याने, त्याला म्हणू दे.
कोरड्या हवेत ही तडकेल, हे एक कारण.
दुसरं कुणाला सांगितलं नाही:
मला हिची भीती वाटते.
सासूसमोर जेवायला बसावं
तशी वाजवते मी ही,
घास लहान, आवाज न करता.

दुसरी काळी, बेकेलाइटची, दगडासारखी जड.
वायकिकीच्या हॉटेलात अकरा वर्षं हीच होती मांडीवर,
समोर पाहुणे खेकड्याच्या नांग्या फोडत असायचे.
स्वच्छ सूर, राखेने घासलेल्या पातेल्यासारखा.
हिच्यावर माझं कधी काही चुकलं नाही.
एका रात्री वाजवता वाजवता
मी मनात वाणसामानाची यादी करत होते,
तांदूळ, साबण, वॉल्टरच्या गोळ्या,
आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले.
तेव्हापासून हिच्यावरून मन उतरलं.
तिचा काय दोष.

तिसरी ॲल्युमिनियमची.
वाटोळं अंग, लांब दांडा. तळणी म्हणतात हिला,
आणि दिसतेही तशीच.
गहाणवटीच्या दुकानातून आणली,
पाठीवर खिळ्याने कोरलंय, ताडाओ,
पुढे एक तारीख, वर्षापाशी थांबलेली.
कोण ताडाओ, का थांबला, दुकानदाराला ठाऊक नव्हतं.
हिला दिव्यांचा ताप सोसत नाही.
तिसऱ्या गाण्यापर्यंत धातू तापायचा,
सूर हट्टी पोरासारखा वर चढून बसायचा,
आणि मी पोलादी कांडी केसभर मागे घ्यायची.
किती मागे?
रेघा काही सांगत नाहीत, त्या नुसत्या काढलेल्या.
मनगटाला कळायचं.
लोक म्हणायचे, एमालियाची मींड काय लाजरी आहे!
मींड कसली.
मी तिला सांभाळून घेत होते.

आमच्यात दुसऱ्याचं मूल मांडीवर घेऊन वाढवतात,
हानाई म्हणतात त्याला.
लोपाका तसाच आलेला,
भावाचा सातवा, माझा पहिला.
तोही दिवसभर बरा असायचा
आणि दिवे लागले की रडायला लागायचा.
आता दारात उभा राहून म्हणतो, ही?
तिथे वाळवंट आहे, आत्या. ही रोज बेसूर होईल.
होईल की.
माझी बोटं तरी कुठे सुरात राहिलीत,
सकाळी ती गरम पाण्यात धरावी लागतात.

प्रवासाआधी तारा सैल करायच्या असतात.
मी एकेक खुंटी उलटी फिरवते,
सूर कण्हत खाली येतात, सांधे धरलेल्या बाईसारखे,
मधे थांबत, कठड्याला धरत.
कोआ इशिमोतोच्या घरी जाईल,
भेगांसकट.
काळीचं काय करायचं ते उद्या बघू.
लोपाका तळणी वजनकाट्यावर ठेवतो,
वाकून आकडा मोठ्याने वाचतो.
मी ऐकत नाही.
सहावी तार अजून पुरती सुटलेली नाही,
तिच्यात काहीतरी
गुणगुणतंय.