हॉल, रूम, स्प्रिंग

इनास दोहाला जायच्या आदल्या दिवशी
मी कॅम्पातल्या त्याच्या घरी गेले
आणि स्कूटीत पायाशी ठेवून आणला हा डबा.
साडेचार हजार. दप्तराएवढा, पट्टा तुटलेला.
सहा बॅटऱ्यांवरही चालतो, म्हणाला,
तुमच्या वडगावात लाइट जाते म्हणून सांगतो.

वर बटणं गोल गोल.
पहिल्यावर क्लीन, क्रंच, लीड असं काहीबाही,
म्हणजे एकच तार
निरनिराळ्या पेट्यांतून बोलल्यासारखी बोलते.
खरी पेटी म्हणे कपाटाएवढी,
उचलायला दोन माणसं,
आत काचेचे दिवे तापायची वाट बघायची.
मी खरी कधी पाहिली नाही.
नक्कल कितपत जमलीय
ते मला विचारू नका.

मी झेरॉक्सच्या दुकानात असते.
उतारे, दाखले, दोन भाषांतले अर्ज.
लोक प्रत घेऊन जातात
आणि मूळ कागद काचेखाली विसरतात.

दुसऱ्या बटणावर जागा आहेत.
रूम. हॉल. प्लेट. स्प्रिंग.
आमची खोली दहा बाय बारा,
त्यात गॅस, कपाट, शिलाईचं मशीन,
पोत्यात मागाचे सुटे भाग, आणि आम्ही तिघं.
रूमवर ठेवलं तर काही फरकच कळत नाही.
हॉलवर ठेवलं
की सूर निघतो, कुठंतरी लांब जाऊन टेकतो,
आणि तो परत येईपर्यंत
मी आईला वाट द्यायला पाय आखडून घेते.

गंगव्वा दारात आली.
"सण्ण मनी, दोड्ड सद्द," म्हणाली
आणि तशीच उभी राहिली ऐकत.
आई तिला कन्नडात म्हणाली,
पोरगी दमून येते, वाजवू दे की.
मला मराठीत म्हणाली,
वैजू, बारीक कर ते.

बाबांना बारीक काय, मोठं काय.
यंत्रमागावर पस्तीस वर्षं, कान तिथंच राहिले.
डॉक्टरनं दिलेलं मशीन डबीत पडून आहे,
त्यातून सगळंच ऐकू येतंय, ही त्यांची तक्रार.
मी वाजवते तेव्हा ते पेपर वाचतात.
पान उलटताना आवाज होऊ नये
म्हणून जपतात, कशासाठी कोण जाणे.

रविवारी दुपारी लाइट गेली.
बॅटरीवर लावलं. अंधारात हात चुकला,
ट्रेमोलो लागला.
सूर उघडझाप करायला लागला,
आहे, नाही, आहे, नाही.

बाबा उठले. मला वाटलं पाणी हवं असेल.
ते खाली बसले
आणि जाळीच्या कापडावर तळहात टेकला,
ताप बघतात तसा.
बोटानं म्हणाले, हळू.
मी बटण मागं घेतलं.
अजून. अजून थोडं.

"थांब!"
(ते नेहमी ओरडूनच बोलतात.)
"हा तीन नंबरचा माग.
धोटा डावीकडं उशिरा पोचतोय त्याचा.
मालकाला सांगून सांगून थकलो मी."

सूर विझायला आला की मी तार छेडत होते,
दुसरं काही सुचलं नाही.
बोटं दुखेपर्यंत तो माग चालवला.
काय विणलं ते बाबांना ठाऊक.

मग लाइट आली
आणि गल्लीतले खरे माग एकदम सुरू झाले.
मला माझं काहीच ऐकू येईना.
बाबांचा हात कापडावर तसाच.

थोड्या वेळानं पोत्यातून पाना काढून
ते डब्याभोवती फिरले एकदा.
"उघडतं कुठून हे?"

तळाला चार स्क्रू आहेत.
मी अजून दाखवले नाहीत.