रकाना तिसरा

शेट्ये मॅडमनी पाच नावांची यादी दिली
आणि एक तक्ता: भेटीची तारीख, अडचण, उपाययोजना.
महिन्यातून दोनदा भरायचा, सह्या घ्यायच्या.
म्हणाल्या, सेकंड इयरला आलीस, आता तुला सगळं ठाऊक.
मी मान हलवली.
माझा मॅथ्स-वन अजून राहिलेला,
ते त्यांच्या यादीत नव्हतं.

ऐरोलीतलं आमचं कॉलेज खाडीकडे पाठ करून उभं.
मागच्या जिन्याच्या खिडकीतून तिवरं दिसतात,
चिखलात पाय रोवलेले विजेचे मनोरे,
ओहोटीला वास पार वरपर्यंत येतो.
तिथेच बसायचो, सहाव्या मजल्याच्या पायऱ्यांवर.
अफशानला होस्टेलची खोली बदलून हवी होती,
जसलीनला ब्रँच.
सौमित्रला काहीच नको, सही करून पळायचा.
प्रिशा फोनवर असायची, तिची अडचणही फोनवरच होती.
आणि ताराचंद पारधी, किन्हवलीच्या पुढचा कुठलासा पाडा,
दर वेळी धापा टाकत यायचा
आणि म्हणायचा, सगळं ठीक आहे ताई.
ताई नको, मंजिरी म्हण.
बरं ताई.

मी लिहायचे: अडचण – नाही. उपाययोजना – लागू नाही.
अक्षर मात्र वळणदार काढायचे.

ऑक्टोबरात एकदा, ड्रॉईंगच्या शीटची गुंडाळी, ड्राफ्टर, पाठीवर सॅक,
असा निथळत आला तेव्हा विचारलं,
लिफ्ट बंद आहे का रे?
तो गुंडाळीकडे बघत राहिला.
मग हळूच,
लिफ्ट सरांची असते ना?

तीन महिने. सहा मजले. दिवसातून तीन-चारदा.
कुणी अडवलं नव्हतं त्याला.
कुणी सांगितलंही नव्हतं.

हसूच येणार होतं.
पण पहिलं अख्खं सेमिस्टर मी कँटीनमध्ये पाऊल टाकलं नव्हतं,
कारण तिथे आधी कुपन घ्यावं लागतं
आणि ते कुठे मिळतं हे विचारायचं कुणाला, कसं.
डबा विसरला की पाणी पिऊन लायब्ररीत बसायचे.
मुली म्हणायच्या, किती अभ्यासू.
मी तर कळव्याची, पाडा-बिडा काही नाही,
तरीही.
हे त्याला सांगितलं. त्याआधी कुणालाच नाही.

त्या दिवशी तिसऱ्या रकान्यात लिहिलं:
लिफ्ट सगळ्यांची आहे.
मॅडमनी चष्मा वर सारला. ही काय उपाययोजना?
सही केली मात्र.

डिसेंबरात पेपर.
केटीवाल्यांना नव्या मुलांतच बसवतात, एकाआड एक.
फळ्यावरचा नंबर शोधत गेले,
बाक खिडकीपाशी,
शेजारच्या बाकावर ताराचंद.
त्याने मला पाहिलं, मग हॉलतिकिटावरचं विषयाचं नाव.
मी म्हणणार होते, अरे, म्हणजे झालं काय की
पण त्याने कंपासपेटी उघडली,
एक निळं पेन माझ्या बाकावर ठेवलं.
जादा आहे. तुमचं थांबतं ना.

माझं पेन थांबतं.
तक्ता भरतानाच थांबायचं. त्याने पाहिलं होतं.

संध्याकाळी बसथांब्यावर विचारलं, तिसरा आला?
आला, म्हणाला, आणि ओशाळला,
जणू लिफ्टमध्ये शिरताना पकडलं कुणी.
मग थांब्याच्या बाकड्यावर,
रबाळ्याच्या कारखान्यांकडून येते त्या राखाडी धुळीत,
बोटाने मॅट्रिक्स मांडलं.
हे आधी शून्य करायचं. मग हे.
दोन बस गेल्या.
वरची ओळ हलवायची नाही ताई,
तिच्याच आधाराने खालच्या सरळ होतात.
आणि वरच्या ओळीतच पहिला आकडा शून्य असेल तर?
मग अदलाबदल करायची, म्हणाला.
चालतं तसं.

ह्या भेटीची नोंद तक्त्यात नाही.
तारीख घातली होती.
पुढे, अडचण कुणाची लिहायची,
ते ठरेना.