दाभण

बॅग उसवली होती विमानतळावरच.
तीन दिवस बाबांनी ती मफलरने आवळून फिरवली.
आज तिबिलिसीत असा वारा सुटला
की मफलर गळ्याला हवा झाला.

तेव्हा बाजारात आम्हाला हवं होतं एक दाभण
आणि मेणाचा जाड दोरा. एवढंच.
मी फोनला सांगितलं. फोननं जरा विचार करून
पोटाशी पाय घेऊन झोपल्यासारख्या अक्षरांत
एक ओळ लिहून दिली.
लोणच्यांच्या बरण्यांमागचा माणूस ती वाचून
काळजीनं बाबांकडे बघत राहिला,
मग दंडात सुई टोचल्याची खूण करून
आम्हाला दवाखान्याचा रस्ता दाखवू लागला.

बाबा पुढे सरसावले.
भिलाईच्या कारखान्यात रशियन इंजिनिअरांबरोबर
दोन वर्षं काढलेला माणूस.
चाळीसेक वर्षं जपलेले सहा शब्द
त्यांनी चोरखिशातल्या नोटांसारखे बाहेर काढले.
चीज विकणारी मुलगी हसत होती, ती थांबली.
तिला सगळं कळलं होतं.
तिनं चीजवर ओलं फडकं ओढलं आणि पाठ फिरवली.
उच्चार चुकला वाटतं, बाबा म्हणाले.
उच्चार नाही हो, निरंजन म्हणाला,
नंतर सांगतो.

वेणूआत्या मागेच राहिली होती.
तिला जन्मापासून ऐकू येत नाही.
बारशाला हे कुणाला ठाऊक नव्हतं,
आणि कळल्यावर नाव बदलायचं तरी कसं.
आमच्या घरात तिच्यासाठी एक खास खूण आहे:
तळहात पालथा, हवेवर दोनदा थोपटायचं,
झोपत नसलेल्या मुलाला थोपटावं तसं.
लग्नाच्या बोलण्या, भावाभावांतली भांडणं,
सगळे हसले तो विनोद,
आजी जाताना काय म्हणाली ते.
थोप, थोप.

आत्या पोत्यांकडे बघत होती.
मसाल्यांची पोती. आम्ही मसाले बघितले,
तिनं पोत्याच्या तोंडाची शिवण बघितली. ताजी.
तिनं त्या टाक्यावर बोट ठेवलं,
मग आमच्या बॅगेच्या जखमेवर,
मग हवेतून एक लांब दोरा ओढला.
गल्ल्यावरच्या म्हातारीनं एप्रनच्या आतून
दाभण काढलं.

पुढचा अर्धा तास आम्ही तिघं
फणसाच्या गोणीसारखे उभे.
त्या दोघी पालथ्या खोक्यांवर, गुडघ्याला गुडघा लावून.
म्हातारी शिवायची, आत्या कडा धरायची,
मग म्हातारीचा टाका पसंत न पडून
आत्यानंच दाभण घेतलं आणि उलटी टीप घातली.
म्हातारीनं तिच्या गालाची पापी घेतली.

मुलं किती? आत्यानं मूठ उघडून दाखवली, रिकामी.
म्हातारीनं तीन बोटं वर केली,
मग त्यातलं एक हळूच मिटलं.
आत्यानं ते मिटलेलं बोट हातात धरलं
आणि बराच वेळ शिवण थांबली.

मधेच मी पैसे काढले.
दोघींनी माझ्याकडे असं बघितलं
जसं काही मी मधेच बोलले.

नंतर कसलीशी पिवळसर पूड आली, तळहातावर.
आत्यानं हुंगली. मेथी! पण सौम्य,
सासर सुधारलेल्या मेथीसारखी.
तिनं हवेत लाडू वळले, बाळंतिणीचं पोट दाखवलं,
तोंड कडू केलं.
म्हातारीनं बाबांकडे बोट केलं, काहीतरी विचारलं,
आत्यानं काहीतरी सांगितलं,
आणि दोघी अशा हसल्या
की चीजवाली मुलगीसुद्धा वळून बघू लागली.
पलीकडून कुणीतरी हाक मारली, त्सिआला!
ती उठली नाही.

टॅक्सीत बॅग आत्याच्या मांडीवर होती.
नदी आली, पूल आला, बाबांना राहवेना.
त्यांनी तिच्या खांद्याला हात लावला,
स्वतःच्या छातीकडे बोट केलं, भुवया उंचावल्या:
माझ्यावर काय हसत होतात?

आत्यानं त्यांच्याकडे नीट बघितलं.
मग तळहात पालथा केला
आणि हवेवर, मायेनं,
दोनदा थोपटलं.