पुरलं

गोवंडीच्या नर्सिंग होममधून परळला
सरबताच्या बाटलीत आलं ते पाणी.
लेबल अर्धं सोललेलं, झाकणाला चिकटपट्टी,
आणि पिशवीत बर्फाऐवजी
गोठवलेल्या वाटाण्यांचं पाकीट.
मुलगा म्हणाला, फ्रीजमध्ये दुसरं काही नव्हतं.

फॉर्मवर : हलीमा धनसे, वय एकसष्ट,
उजव्या फुप्फुसाभोवतीचं, नऊशे मिली.
रंगाच्या रकान्यात मी लिहिलं, तांबूस, गढूळ.
घरी असते तर म्हटलं असतं, आगळाचं पाणी.

दोन हजार फेरे, दहा मिनिटं.
नळीच्या तळाशी राईएवढा गाळ.
वरचं पाणी ओतून देताना
माझा हात अजून थबकतो.
सतरा वर्षं झाली.

रक्तपेढीतून मुदत संपलेला प्लाझ्मा येतो,
कोणाचा, ते लिहिलेलं नसतं.
त्याचे दोन थेंब. मग थ्रॉम्बिनचे दोन.
ओटवणेकर बाई सांगायच्या,
विरजण लावलंस असं समज गो,
ढवळायचं नाही, सारखं डोकावायचं नाही,
धक्का लागला की पाणी सुटतं.
त्यांच्या घरचं दही कधी लागायचं नाही,
हेही त्याच सांगायच्या, हसत.

आज लागेना.
एक मिनिट. तीन.
नळीत नुसता तांबूस धूर.
अजून एक थेंब. मग नळी मुठीत धरून उभी राहिले,
एसीच्या झोतापासून अंग वळवून,
कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, काही चोरलंय.

मग तळाशी काहीतरी हललं, एकसंध,
पोराच्या सैल दातासारखं.

इओसिनचा एक ठिपका दिला,
नाहीतर मेणाच्या पांढऱ्यात पांढरं हरवतं.
फिल्टर पेपरात घेतलं, चारी कोपरे आत,
वाण्याची हिंगाची पुडी असते तसं.
डबीवर पेन्सिलीनं : सी २२१७.
शाई झायलीनमध्ये विरघळते. शिसं टिकतं.

रात्रभर फॉर्मालिन.
मग अल्कोहोलच्या पायऱ्या, सत्तर, नव्वद, शंभर,
प्रत्येक पायरीवर थोडं पाणी मागे ठेवत,
आणि शेवटी कढत मेण.

दुपारी डॉक्टर कुरियन दाराशी :
आधी टीटीएफ, कॅलरेटिनिन,
आणि जीनच्या टेस्टला आठ काप बाजूला हं.
राईएवढ्यातून किती मागावं माणसानं!
मी बोलले नाही. नवं पातं लावलं.
ब्लॉक यंत्रावर एकदाच चढवायचा,
एका बैठकीत सगळं कापायचं.
पुन्हा चढवला की पुन्हा घासावा लागतो,
आणि घासताना जे उडतं
तेही हलीमाबाईंचंच.

चार मायक्रॉन. श्वास धरून चाक फिरवलं.
पट्टी निघाली, कोमट पाण्यावर टेकली,
सुरकुत्या सोडून सपाट झाली.
काच खालून घालून अलगद उचलली.
एक. दोन. सहा.
अकराव्याला चीर गेली. शिवी दिली, मनात.
चौदा.

तिसऱ्या दिवशी मुलगा खिडकीपाशी.
रिपोर्ट डॉक्टर देतील, मी आधीच म्हटलं.
केंद्रकांवर चढलेला तपकिरी रंग
सकाळी मी पाहिला होता,
रंग नीट लागला का एवढं बघायला.
त्यापुढचं सांगणं माझं काम नाही.

पण त्याला ते विचारायचंच नव्हतं.
नाही, म्हटलं,
वाटाण्यांनी काही बिघडलं नाही ना?
कमी तर नाही ना पडलं?

पुरलं, मी म्हणाले.

तो मान हलवून गेला.
शब्द माझ्यापाशी राहिला, त्याच्या दोन्ही अर्थांसकट.

ब्लॉक ड्रॉवरमध्ये आहे, डावीकडून चौथा खण.
बोट फिरवलं की मेणात गुलाबी ठिपका लागत नाही, दिसतो.
अजून दोन काप निघतील,
जपून कापले तर तीन.