कठड्याचं लाकूड

सेंट ओथमारच्या मागच्या दाराशी, पवित्र पाण्याच्या कुंडाजवळ
पत्र्याची एक मांडणी आहे. तिचा एक पाय आखूड,
खाली कुणीतरी पुठ्ठा दुमडून सरकवलाय.
ओडिलिया गेल्यापासून दर रविवारी मिस्सानंतर
मी तिच्यासमोर उभा राहतो, हातमोजे काखेत धरून.
ती मोठ्यानं वाचायची, मी बूट काढत ऐकायचो.
आता वाचणारा मीच आणि ऐकणाराही मीच,
तेव्हा म्हटलं, निदान धड काही वाचावं,
जुन्या वळणाचं,
ज्यात पापाला अजून पाप म्हणतात.

पहिलं पत्रक पहिल्या ओळीपासून ओरडत होतं.
पहाटे तीनला, बर्फ ढकलणाऱ्या ट्रकमध्ये बसून वाचलं;
वाटलं, पातं कोरड्या डांबरावर घासतंय.

दुसरा बिशपांच्या चुका मोजत होता,
आमच्या मिनेसोटात कौंटीचा कारकून मिठाची पोती मोजतो तसा:
एक कमी नाही, एक जास्त नाही, खाली सही.
कुसळांचा इतका चोख हिशेब मी पाहिला नव्हता.
मुसळाबद्दल अवाक्षर नाही.

तिसऱ्याला लॅटिन यायचं, झालरी कळायच्या, धुपाच्या जाती कळायच्या.
त्याचं काही चुकत नव्हतं.
मी मान डोलावत डोलावत झोपलो.

मग फेब्रुवारीत, सगळ्यात खालच्या कप्प्यात,
टाइप केलेला एकच कागद. नाव नाही, नुसतं जी. टी.
टाइपरायटरचा ‘ओ’ इतका धारदार
की प्रत्येक ‘ओ’च्या जागी भोक.

‘शुक्रवारी मासे करपले. मुलाला नको ते बोलले.
उपास मोडला नाही.
मोडला असता तर बरं झालं असतं.’

आणि खाली:
‘नियम सैल करा असं मी म्हणत नाही.
तो माझ्याहून जुना आहे, माझ्याहून शहाणा.
मला कुठे कुठे टोचतो, तेवढं सांगते.’

मी ट्रक बाजूला घेतला. पुन्हा वाचलं.
त्या रात्री सतरा नंबरचा रस्ता उशिरा मोकळा झाला,
दूधवाल्यानं तक्रार केली.

जी. टी. म्हणजे हॉस्पिटलात भांडी घासणारी जेनोव्हेवा टेरहार,
हे ओळखायला फार अक्कल लागत नाही.
चर्चच्या लॉटरीच्या पावत्यांनाही तीच भोकं असतात.

मार्चच्या तिसऱ्या रविवारी तिनं लिहिलं:
‘ज्या ओकच्या कठड्यापुढे आईनं मला गुडघे टेकायला शिकवलं
तो एका उन्हाळ्यात उपटून नेला.
नेणारा पोरगा शीळ घालत होता.
फादरांना मी क्षमा केली. बिशपांनाही, एका आजारपणात.
त्या शिळेला एकोणचाळीस वर्षं जमलेलं नाही.
या उपवासकाळात पुन्हा बघते.’

बावीस वर्षांचा होतो. उसना ट्रक, चार डॉलर,
फादर म्हणाले, दुपारच्या आत आटप.
शीळ मला आठवत नाही.
पण घालायचो खरा. ओडिलिया अंधारात
तेवढ्यावरूनच मला ओळखायची.

सगळं लाकूड खड्ड्यात गेलं, एक दांडा सोडून.
तो शेडच्या खिडकीला टेकू म्हणून लावलेला,
इतकी वर्षं,
की तो कशाचा आहे हेच मी विसरलो होतो.

काढला. खिडकी धाडकन पडली, काच गेली.
जवसाचं तेल चोळलं, जुन्या टॉवेलात गुंडाळला,
आणि पहाटे तिच्या पायरीवर उभा करून आलो.
दार वाजवलं नाही.
वाजवायला हवं होतं.

पुढच्या रविवारी कागद अर्धाच होता:
‘कौंटीच्या ट्रकनं या आठवड्यात दोनदा
माझ्या फाटकात बर्फाचा ढीग लावला.
चालकाला संध्याकाळपर्यंत क्षमा करीन.
पायरीवर जे ठेवलंय त्याबद्दल
अजून लिहिता येत नाही.’

घरी येऊन बूट न काढता
मी तो मोठ्यानं वाचला,
भोकांपाशी थोडा अडखळत.